जुनी टू-व्हीलर ऑइल खाते? बोअर करायच्या आधी हे बघा

ऑइल कमी होतंय म्हणलं की मेकॅनिक डायरेक्ट बोअर-पिस्टनच (सिलेंडर आतून घासून नवीन पिस्टन बसवणं) सांगतो. आधी खाली गळती नाही ना बघा, मग धूर.

१. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर भक्कन येऊन थांबला तर बहुतेक वॉल्व्ह सील (वॉल्व्हपाशी ऑइल अडवणारं रबर), त्यामानानं स्वस्तातलं काम.

२. अक्कलकोट रोडला डबलसीट पिळल्यावर सतत निळा धूर असेल तर रिंग (पिस्टनवरच्या कड्या) किंवा बोअर गेलंय.

३. खात्रीसाठी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा, एक्सलेटर पूर्ण पिळून किक मारायच्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा चांगलाच वाढला तर रिंग-बोअरच गेलेत, तेव्हाच पैसे काढा.

तोवर डबल स्टँडवर लावून लेव्हल बघत जा, कमी ऑइलवर सोलापूरच्या उन्हात पळवली तर इंजिन जाम होतं.