दत्तक घेतलेला हट्टी डॅशहुंड : पहिल्या दोन महिन्यांत काय शिकवायचं आणि कसं

डॅशहुंड जर्मनीत तयार झाला तो बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याची शिकार करायला. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बिळात शिरल्यावर मालकाचा आवाज पोचत नाही, त्यामुळे पुढे जायचं की मागे फिरायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागे. तीच सवय आज फ्लॅटमध्ये हट्ट म्हणून दिसते. हाक ऐकून तो मान वळवतो, दोन क्षण तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा कुंडीतली माती उकरायला लागतो. त्याला ऐकू आलेलं असतं. येण्यात त्याचा काही फायदा आहे असं वाटत नाही, एवढंच.

आधी पाठ तपासून घ्या. लांब पाठीच्या या जातीत मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका मोठा असतो. कालपर्यंत जिना चढणारा कुत्रा आज अडून बसला, उचलताना कण्हला किंवा मागचे पाय लटपटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून पाठ आडवी राहू द्या. सोफ्यावरून उड्या बंद. दोन पायांवर उभं राहून खाऊ मागायला तर अजिबात शिकवू नका, कितीही गोंडस दिसलं तरी. पहिल्या आठवड्यातच लसीकरणाची नोंद, जंताचं औषध आणि गोचिडी एवढं पाहून घ्या. रेबीजचा दाखला जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्यासाठी लागतो.

पहिले तीन दिवस काही शिकवू नका. एका खोलीचा कोपरा, गादी, पाणी, पाहुणे नकोत. दत्तक कुत्रा आधी नुसता अंदाज घेत असतो. सुरुवातीला गरीब गाईसारखा वागणारा तिसऱ्या आठवड्यात भुंकायला लागला तर तो बिघडला असं समजू नका. घर आपलं वाटायला लागलं की खरा स्वभाव दिसू लागतो.

शब्द ठरवा. आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो, आजोबा ‘ए, खाली बस बघू’ म्हणतात. कुत्र्यासाठी हे तीन वेगळे आवाज आहेत. बस, ये, सोड, थांब असे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. शब्द एकदाच उच्चारायचा. पाच वेळा ‘ये’ म्हटलं की पहिल्या चारांना काही किंमत नसते, हे तो पटकन शिकतो.

खाऊ मोजून द्या. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर घ्या आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. साधारण ८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३० ग्रॅम चिकन पुरे, आणि तेवढं जेवणातून कमी करा. वजन वाढलं की भार पाठीवरच येतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातली मनुकासुद्धा.

‘बस’ शिकवताना बहुतेकांची चूक एकच होते, उभं राहून शिकवणं. वरून वाकलेला माणूस एवढ्याशा कुत्र्याला दडपून टाकतो. तुम्हीच जमिनीवर बसा. खाली सतरंजी हवी, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात आणि मग तो बसायचंच टाळतो. तुकडा नाकापासून बोटभर अंतरावर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप टेकतं. पाय इतके आखूड की ते टेकलं का हे नीट बघावं लागतं! टेकल्याक्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. हात फार उंच गेला तर तो उडी मारतो. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा, जेवणाआधी. दहापैकी आठ वेळा जमलं की मगच जागा बदला : आधी दिवाणखाना, मग पॅसेज, मग सोसायटीचं आवार. घरात येणारी गोष्ट गेटवर येत नाही तेव्हा तो मुद्दाम करत नसतो. त्याच्यासाठी तो नवा धडा असतो.

शू-शीला सर्वांत जास्त वेळ लागतो. वय कितीही असो, पहिला आठवडा दिवसा दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या; शिवाय झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर, जेवणानंतर १५-२० मिनिटांनी आणि रात्री झोपण्यापूर्वी. रोज एकच जागा. झाल्याबरोबर, दोन सेकंदांत, तिथेच खाऊ द्या. घरी आल्यावर दिलेला खाऊ म्हणजे घरी आल्याचं बक्षीस. आणि लगेच परतू नका, पाच मिनिटं फिरवा. शू केली की फेरी संपते हे लक्षात आलं की तो ती धरून ठेवायला लागतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा. पोट जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळे ओलं गवत थेट पोटाला लागतं आणि तो दारातूनच माघारी वळतो. ओढू नका. पार्किंगमधला छपराखालचा एक कोपरा ठरवा, त्याची शू लागलेला कागद तिथे ठेवा आणि नंतर तिथली स्वच्छता न विसरता करा.

घरात झाली तर ओरडून किंवा त्याचं नाक त्यात घासून उपयोग नाही. तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, आणि मग सोफ्यामागे करतो. आधी कागदाने टिपा, मग पेट शॉपमधला एन्झाइमचा क्लीनर १० मिनिटं राहू द्या. फिनेलचा वास आपल्याला येतो, पण त्याच्या नाकाला खालचा वास सापडतोच.

‘सोड’ हा सौदा आहे. तोंडात मोजा आहे, तुम्ही मागे धावलात की खेळ सुरू. जागेवरच थांबा, ‘सोड’ म्हणा, चिकन नाकाशी धरा, मोजा पडला की द्या आणि शक्य असेल तर ती वस्तू परत करा. दिलेलं परत मिळतं हे कळलं की पकड सैल होते. पहिले धडे खेळण्यावर द्या, हाडावर नको. गुरगुरला तर रागावू नका, मागे सरा. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

बेल आणि भुंकणं. दारापासून दूर चटई टाका, घरच्याच कुणाला बेल वाजवायला सांगा आणि आवाजाबरोबर चटईवर चार-पाच तुकडे टाका. रोज दहा वेळा. याउलट, जेवताना टेबलाशी भुंकून मागत असेल तर दुर्लक्ष करा. ते थांबण्याआधी दोन-तीन दिवस वाढतं आणि नेमकं तेव्हाच आजी पोळीचा तुकडा टाकते. मग त्याला कळतं की आणखी जोरात भुंकायला हवं. आजीला आधी सांगून ठेवा.

फिरायला पट्टा छातीचा, गळ्याचा नको. दोरी दीड-दोन मीटरची. मोकळ्या जागी ‘ये’ शिकवायला पाच मीटरची लांब दोरी लावा आणि दोन-तीन महिने ती सोडू नका. मांजर दिसलं की आतला शिकारी जागा होतो, तेव्हा तुमच्या हातातलं चिकन कमी पडतं.