करवंद लावताय, खाताय? या चुका टाळा

मार्च उजाडला की सह्याद्रीच्या उतारावरचं गवत वाळून कोळ होतं, पण करवंदाची जाळी हिरवीगार उभी असते. तिला ना कुणी पाणी घातलेलं, ना खत. तीच करवंद कुंपणाला म्हणून परसात आणली, की दोन वर्षांत एकतर मरते, नाहीतर नुसती पानं मिरवते. बहुतेक वेळा दोष मातीचा नसतो. आपण तिचे लाड करतो, तिथे बिघडतं.

सर्वांत जास्त झुडपं पाण्याने जातात. करवंदाला मुरमाड, जांभ्याची, अगदी खडकाळ जमीन चालते. पाणी साचलेलं मात्र मुळीच चालत नाही. पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागली, तर खत घालायला धावू नका. बुंध्याशी खोदून बघा, मुळं कुजलेली सापडतील. चर काढून पाणी वाहतं करणं हाच उपाय. भारी काळ्या जमिनीत लावायचं असेल तर उंचवट्यावरच लावा. पहिला उन्हाळा निघेपर्यंत अधूनमधून पाणी द्या, नंतर हात आखडता घ्या.

दुसरी तक्रार: झाड मोठं झालं, फळ धरत नाही. सावलीत लावलंय का? शेणखत-युरियाचा मारा चाललाय का? तसं असेल तर फांद्या माजतात आणि मोहोर रुसतो. याहून नेहमीची चूक छाटणीच्या वेळेची. करवंदाची पांढरी, सुवासिक फुलं फांद्यांच्या शेंड्यांकडे झुपक्याने येतात. थंडीत कुंपण एकसारखं दिसावं म्हणून कात्री चालवली, की येणारा बहर आपणच कापून टाकलेला असतो. छाटायचंच तर फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर छाटा.

बी जपून ठेवणं हीसुद्धा चूकच. करवंदाचं बी लवकर निकामी होतं. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं खाल्लीत, की बिया धुऊन गर काढा आणि लगेच पिशव्यांत पेरा. दिवाळीनंतर पेरलेलं उगवलं नाही म्हणून बियाण्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. साध्या फांद्या खोचूनही बहुधा निराशाच पदरी येते. पावसाळ्यात गुटी बांधणं, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडून घेणं, त्यापेक्षा खात्रीचं. रोपं कुंपणासाठी लावत असाल तर दोन ते तीन फुटांवर लावा. फळांसाठी लावायची तर आठ-दहा फूट सोडा, नाहीतर पुढे आत हात घालणं मुश्कील. काटे जोडीने येतात आणि आत मोडले की ठसठसतात, हे डोंगरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता स्वयंपाकघर. कच्चं करवंद चिरलं की पांढरा चीक येतो, आणि लोणचं कडवट-चिकट होण्याचं खापर मग मसाल्यावर फुटतं. हाताला आणि सुरीला तेल लावा, चिरलेल्या फोडी थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवा, मग निथळून कोरड्या करा. करवंद आंबट, म्हणून ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं भांडं नको. जेली आळत नसेल तर तुम्ही सगळी काळीभोर, पूर्ण पिकलेली फळं घेतली असणार. जेली धरते ती पेक्टिन या फळातल्याच घट्ट करणाऱ्या द्रव्यामुळे, आणि ते अर्धकच्च्या फळात जास्त असतं. थोडी लालसर करवंदं मिसळली की काम होतं. आणि रानातून आणलेली पिकी फळं धुऊन डब्यात कोंबू नका. ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी आंबतात.

औषधी उपयोगाबद्दल मात्र मला जरा कडकच बोलायचंय. आयुर्वेदात करमर्द नावाने हे फळ आहे: कच्चं आंबट, पिकलेलं रुची आणणारं. फळापुरतं ठीक. पण फिरत्या संदेशांत हल्ली मुळाचा काढा सांगितला जातो. करवंद कण्हेरीच्याच कुळातलं आहे आणि त्याच्या मुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. वैद्याशिवाय मूळ उकळून पिऊ नका. हृदयाचं औषध चालू असेल, गरोदरपण असेल, तर विषयच सोडा. करवंदात लोह भरपूर म्हणून जो मोठा आकडा सांगतात, तो सुकवलेल्या फळाचा आहे. ताज्या मूठभर करवंदांना तो लावू नका.

त्याच कुळातली पिवळी कण्हेर बागांमध्ये सर्रास असते. तिचं हिरवं फळही पिकून काळसर होतं आणि ते विषारी आहे. पोरं करवंद चावून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळतात, आत लाल निघालं तर कोंबडा. त्यांना खेळाआधीच फरक दाखवून ठेवा. करवंदाची पानं जाड, चकचकीत, लंबगोल आणि समोरासमोर, फांदीला काटे, फळात लहान चपट्या बिया. पिवळ्या कण्हेरीची पानं अरुंद, लांब, काटा एकही नाही, आणि फळात एकच मोठी टणक, कोनदार आठळी. शंका आली तर फळ तोंडात घालूच नये. कण्हेरीचं फळ पोटात गेलंच, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा, आणि उरलेलं फळ सोबत न्यायचं.