युद्ध सुरू करणाऱ्या नेत्याचं भाषण कसं वाचायचं

रविवारी तर्री पोहा खाता खाता मित्राशी वाजलं. तो म्हणे पुतिननं युक्रेनवर हल्ला काऊन केला तर नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांची लष्करी युती, विषय संपला. म्हटलं भाऊ, भाषण वाचलं का? नाही. तर पहिलं काम हेच, २४ फेब्रुवारी २०२२ चं अख्खं भाषण काढा, रील नाही.

मग कागद घ्या अन एकेक कारण वेगळं लिहा, कारण भाषणात सगळं एकात एक कालवलेलं असते. नाटोचं पूर्वेकडं सरकणं, पूर्व युक्रेनमधल्या डॉनबासमध्ये आठ वर्षं नरसंहार चालू असल्याचा दावा, युक्रेनचं निःशस्त्रीकरण आणि 'नाझीमुक्ती', वरून यूएन चार्टरचं कलम ५१ म्हणजे स्वसंरक्षण. या ५१ वर जरा थांबा. तीनच दिवस आधी, २१ तारखेला, याच डॉनबासमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कला रशियानं देश म्हणून मान्यता दिली अन मग त्यांनीच मदत मागितली म्हणे. म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात दोन नवे मालक आपणच उभे करायचे आणि त्यांनी बोलावलं म्हणून धुरा ओलांडायचा!

आता प्रत्येक कारणासमोर पुढं काय झालं ते तारखेसकट लिहा. नरसंहाराचा पुरावा आपल्यासमोर नाही असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १६ मार्च २०२२ ला म्हटलं आणि कारवाई थांबवायला सांगितलं. नाटोची तक्रार मात्र हवेतली नाही, युक्रेन कधीतरी सदस्य होईल असं नाटोनं २००८ ला बुखारेस्टमध्ये खरंच जाहीर केलं होतं. पण मग २०२३ ला फिनलंड नाटोत गेला, रशियाला लागून तेराशे किलोमीटरची बॉर्डर, तिथं रणगाडे नाही गेले.

आणि लोकं जे सोडून देतात ते, नेता काय करणार नाही म्हणाला. त्याच भाषणात युक्रेनची जमीन ताब्यात घ्यायचा प्लॅन नाही असं आहे, अन त्याच वर्षी ३० सप्टेंबरला युक्रेनचे चार प्रांत रशियात जोडल्याची घोषणा. म्हणून मी जुलै २०२१ चा पुतिनचा लेख पण सोबत वाचायला सांगतो, रशियन आणि युक्रेनियन एकच लोक आहेत असं म्हणणारा, त्यात नाटोपेक्षा इतिहासच जास्त आहे.

इराकच्या सद्दामवर लावून पाहा हीच पद्धत, १९९० ला आधी कुवेत आमचं तेल चोरते, मग तिथल्या क्रांतिकारकांनी बोलावलं, आणि २ ऑगस्टला घुसल्यावर सहाच दिवसांत कुवेत आमचंच.

मित्र अजून नाटोवरच अडून आहे, पण आता तारखा सांगून भांडते.