प्रशियन लांडराटचं चरित्र लिहायचंय? आधी त्याचा तालुका धरा

प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या एखाद्या सरदार-अधिकाऱ्यावर लिहायला बसणारे बहुतेक जण वंशावळीपासून सुरुवात करतात. मी सांगेन, वंशावळ बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. गेली काही वर्षं मी हान्स हुगो फॉन क्लाइस्ट-रेट्सो या लांडराटच्या, म्हणजे तालुक्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, मागे आहे. तो मला कळायला लागला तो त्याच्या गावापासून, म्हणून त्याचंच उदाहरण घेते.

जन्म १८१४, गाव कीको, पोमेरानिया प्रांत. आज हा भाग पोलंडमध्ये आहे. कीकोचं झालंय कीकोवो आणि त्याच्या तालुक्याच्या ठिकाणाचं, बेलगार्टचं, ब्यावोगार्द. पहिलं काम हेच करा: प्रत्येक गावाचं जर्मन आणि पोलिश नाव शेजारी शेजारी लिहून काढा. १९४५ नंतर नावं बदलली आणि कागदही विभागले गेले. मंत्रालयाच्या फायली बर्लिनच्या डालेममधल्या प्रशियन गुप्त राज्य अभिलेखागारात शोधायच्या. पोमेरानियाच्या स्थानिक दप्तरांतलं जे वाचलंय, त्यासाठी कोशालिन आणि श्चेचिनची पोलिश अभिलेखागारं बघायची.

मग पद समजून घ्या. घाई करू नका, कारण सगळी गोम इथे आहे. प्रांताखाली विभाग आणि विभागाखाली क्राइस, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढा मुलूख. क्राइसचा प्रमुख तो लांडराट. करवसुली, सैन्यभरती, रस्ते, पोलिसांवर देखरेख, सगळं त्याच्याकडे. आपल्याला लगेच कलेक्टर आठवतो, पण कलेक्टर बाहेरून येतो आणि बदली होऊन जातो. प्रशियाच्या पूर्वेकडच्या प्रांतांतला लांडराट बहुधा त्याच क्राइसमधला जमीनदार असायचा. तिथल्या जमीनदारांचं वर्चस्व असलेली सभा त्याचं नाव सुचवायची आणि राजा नेमणूक करायचा. म्हणजे ज्यांच्यावर अंमल गाजवायचा, ते त्याचे शेजारी, सोयरे आणि शिकारीचे सोबती. क्लाइस्ट-रेट्सो १८४४ ते १८५१ बेलगार्टचा लांडराट होता आणि कीकोची जमीनदारी त्याचीच. जमीनदाराला स्वतःच्या गावात पोलिसी अधिकारही असत. ते १८७२ पर्यंत टिकले.

म्हणून वहीत दोन रकाने पाडा. एकात ‘अधिकारी म्हणून’, दुसऱ्यात ‘जमीनदार म्हणून’. प्रत्येक घटना दोन्हींत तपासा. १८४८ चं बघा. क्रांतीनंतर बर्लिनमध्ये नवं सरकार आलं आणि सरदारी जमिनींची करमाफी काढून घ्यायचा विषय निघाला. ऑगस्टमध्ये जमीनदारांची सभा भरली. विरोधकांनी तिला ‘युंकर संसद’, म्हणजे सरदार-जमीनदारांची संसद, म्हणून हिणवलं. अध्यक्ष कोण, तर क्लाइस्ट-रेट्सो. कर गोळा करणारा अधिकारी करमाफी टिकवायच्या सभेचा अध्यक्ष! एका रकान्यात हे नुसतं राजकारण दिसतं. दोन रकान्यांत मांडलं की माणूस दिसायला लागतो.

आता वंशावळ काढा. ती इथे उपयोगी पडते, विशेषतः बायकांच्या बाजूने. याच्या सावत्र बहिणीची मुलगी योहाना, तिचा नवरा ओटो फॉन बिस्मार्क. म्हणजे हा बिस्मार्कचा मामेसासरा, आणि वयाने जेमतेम चार महिन्यांनी मोठा. हे नातं माहीत नसेल तर १८७२ चं भांडण नुसतं पक्षीय वाटतं. त्या वर्षी शाळांवरच्या देखरेखीचा कायदा आला आणि क्राइसच्या कारभाराची पुनर्रचनाही झाली. दोन्हींना याने वरिष्ठ सभागृहात कडाडून विरोध केला, आणि जुनी मैत्री तुटली.

मधली वर्षं, १८५१ ते १८५८, तो कोब्लेंत्सला ऱ्हाइन प्रांताचा मुख्य अधिकारी होता. तिथेच राहणाऱ्या राजपुत्र विल्हेल्म आणि त्याची बायको आउगुस्टा यांच्याशी त्याचं जमलं नाही. विल्हेल्मच्या हाती सत्ता येताच पद गेलं. यावर छापील मजकूर भरपूर आहे, तुम्हाला सहज मिळेल.

हस्तलिखितांना मात्र वेळ द्या. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. मोडी शिकलेल्यांना हा त्रास ओळखीचा वाटेल: ‘ए’ आणि ‘एन’ जवळपास सारखे, ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. आधी तारखा, गावं, आडनावं वाचा, मग वाक्यांकडे वळा. सरकारी पत्रात कागद उभा दुमडून अर्ध्याच भागात मजकूर लिहीत. उरलेला अर्धा वरिष्ठांच्या शेऱ्यांसाठी. तो कोरा भाग सोडून देऊ नका, निर्णय बऱ्याचदा तिथेच असतो. वरच्या बाजूला ‘पीआर’ आणि तारीख दिसली तर ती आवक तारीख. पत्राच्या तारखेशी ताडून बघा, कागद किती दिवसांनी पोचला ते कळतं.

१९०७ मध्ये त्याचं एक जाडजूड चरित्र निघालं. तपशिलासाठी वापरा, पण ते त्याच्या बाजूने लिहिलेलं आहे. त्यात कीकोच्या मजुरांचा आवाज शोधू नका. त्यांच्यासाठी चर्चच्या नोंदवह्या धरा. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा नोंदींत बापाचा धंदा लिहिलेला असतो, आणि जमीनदाराने दिलेल्या घरात राहून वर्षाच्या कराराने राबणाऱ्याला तिथे ‘इन्स्टमान’ म्हणतात. लांडराटपदाची सात वर्षं घ्या, त्यातल्या बालमृत्यूंच्या नोंदी वेगळ्या काढा आणि दोन रकान्यांच्या शेजारी मजुरांचा तिसरा रकाना पाडा.