बायकोची केमो चालू असताना या चुका टाळा

माझ्या बायकोची स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपून तीन वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीत कुणाच्या घरी केमो सुरू झाली की त्या नवऱ्याचा मला फोन येतो, आणि दर वेळी त्याच त्या चुका ऐकून जीव खाली-वर होतो. त्यातली एक जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तीच.

ताप आला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची. हे मी केलंय. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस होता. रात्री साडेअकराला ती म्हणाली, "अहो, कणकण वाटतेय." कपाळाला हात लावला, गोळी दिली, अंगावर दोन पांघरुणं घातली. तासाभरात घाम येऊन ताप उतरला आणि मी झोपलो. पहाटे चारला ती बाथरूमला उठली आणि भिंत धरून तिथेच उभी राहिली. दात वाजत होते, ओठ पांढरे पडले होते. हॉस्पिटलात रक्त तपासलं, तर जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जेमतेम २००. त्या ५०० च्या खाली गेल्या की संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. सहा दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक्स चालली आणि पुढची केमो लांबली.

गोळीने ताप उतरतो, संसर्ग तिथेच असतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. नवखी मंडळी इथेच फसतात. पाचव्या-सहाव्या दिवशी उलट्या थांबतात, ती चहा मागते, आणि सगळे निर्धास्त होतात. मी कालनिर्णयवर त्या आठवड्याला लाल पेनाने चौकट करायचो आणि डिजिटल थर्मामीटर उशीशी ठेवायचो. १००.४ फॅरनहाइट दिसलं की गोळी न देता डॉक्टरांना फोन आणि लगेच हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजेनात. थंडी वाजून अंग थरथरत असेल तर ताप नसला तरी निघायचं. कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या सांगायचं, "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १०१." रांगेत बसायचं नाही. "एवढ्याशा तापाला कशाला धावपळ" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं त्या रात्री अजिबात ऐकू नका.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर देऊ नका, लिहून दिलेल्या वेळेलाच द्या. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचंही औषध आधीच विचारून घ्या. लाल रंगाची केमो असेल तर एक-दोन दिवस लघवी लाल होते, घाबरू नका.

काढे नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गुळवेल तर मुळीच नको. तिच्यामुळे लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे, आणि केमोच्या बऱ्याच औषधांचा भार त्याच लिव्हरवर असतो. झटपट गुण येईल म्हणून असले प्रयोग करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण भोगावं लागतं तिला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेची, चौकशी पहिल्या केमोच्या आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) करा, दागिने मोडल्यावर नको.

आणि डॉक्टरांसमोर तिच्या वतीने बोलू नका. चांगले, काळजी घेणारे नवरे ही चूक हमखास करतात. फाइल माझ्या हातात, तारखा मला पाठ, त्यामुळे "कसं वाटतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं की मीच सांगायचो, "ठीक आहे, जेवण जातंय." पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू होऊन दीड महिना झाल्यावर एकदा डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं आणि तिलाच विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ब्लाउजचे हुक लागत नाहीत. बोटांना कळतच नाही. लेक लावून देते." एकाच घरात राहून मला याचा पत्ता नव्हता. त्या औषधाने नसांवर परिणाम होतो, वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो. तिचा त्याच दिवशी कमी केला.

त्यानंतर दर भेटीच्या आदल्या रात्री मी वही घेऊन तिच्याजवळ बसायचो. ती सांगायची, मी लिहायचो. केबिनमध्ये मात्र वही तिच्या हातात.