लोंबी चिकात येण्याआधी कुंपणाची खालची वीत बघा

रानडुकरांचा बंदोबस्त : भाद्रपद ते कार्तिक, कोकणपट्टी

हळवे (लवकर तयार होणारे) भात पोटरीतून बाहेर पडू लागले आहे. कर्जत-३, रत्नागिरी-२४ या जाती ज्यांनी वेळेवर लावल्या, त्यांच्या मळ्यात आठ-दहा दिवसांत दाणा चिकात येईल, म्हणजे दुधाळ होईल. डुकरे नेमकी तेव्हाच डोंगरावरून खाली उतरतात. त्याआधी एक काम करा. संध्याकाळी कोयता आणि हातभर काठी घेऊन कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा आणि सगळ्यात खालच्या तारेखाली किती जागा आहे ते मोजा. बाकीची कामे तुम्हाला ठाऊक आहेत. हे मात्र दरवर्षी राहते, आणि मळा जातो तो या एका वितीतूनच.

नेहमीची कामे:

- दाणे भरेपर्यंत खाचरात ५ ते १० सेंमी पाणी. कापणीच्या ८-१० दिवस आधी निचरा.
- नत्राचा राहिलेला हप्ता फुलोऱ्यापर्यंतच. त्यानंतर युरिया नको.
- तुडतुड्यांसाठी चुडाचा बुंधा उघडून बघणे. दिसल्यास ३-४ दिवस पाणी काढणे.
- लष्करी अळीसाठी बांधाकडच्या ओळी संध्याकाळी तपासणे.
- बियाण्याच्या कुणग्यातली (खाचरातली) भेसळ उपटणे.
- सुरण, कणगर, करांदे या कंदांना मातीची भर.
- नारळ-सुपारीच्या नवीन रोपांची आळी साफ.

खालची वीत

डुक्कर सहसा कुंपणावरून उडी मारत नाही. ते नाकाने जमीन हुंगत येते, तारेखाली मुस्कट घालते आणि मानेच्या जोराने तार वर उचलते. एकदा मुस्कट आत गेले की मागे फिरत नाही, उलट पुढे मुसंडी मारते. म्हणून डुकराच्या कुंपणात पाचवी आणि सहावी तार शोभेची. खरे काम खालच्या तिघींचे: पहिली जमिनीपासून १५ ते २० सेंमी, दुसरी ३५ ते ४०, तिसरी ६०. पहिली तार २५ सेंमीच्या वर गेली की पिल्ले सरळ आत येतात आणि पिल्लांमागून मादी.

जूनमध्ये तार बरोबरच बांधलेली असते. चूक पावसात होते. मेरेवरून (शेताच्या कडेच्या बांधावरून) पाणी वाहून जाते, तारेखाली ओहळ पडतो आणि जूनमधली १५ सेंमीची फट भाद्रपदात ४० सेंमीची होते. वरून बघितले तर कुंपण ताठ उभे असते, कोणाला काही कळत नाही. काठीवर १५ आणि २० सेंमीच्या खुणा करून ठेवा. जिथे काठी खुणेपेक्षा जास्त आत जाते तिथे जांभ्याचा चिरा बसवा, किंवा दोन खुंट मारून खालच्या तारेतून एक जास्तीचा तुकडा खाली ओढून घ्या. नुसती माती टाकू नका, ती पावसाच्या पुढच्या सरीत वाहून जाते.

दुसरी गोष्ट गवत. झटका कुंपणाची (मशीनमधून थांबून थांबून विजेचा झटका सोडणाऱ्या कुंपणाची) खालची तार ओल्या गवताला टेकली की तिथून झटका जमिनीत उतरतो. एक-दोन पात्यांनी काही होत नाही, पण शंभर मीटर मेर गवताने भरली की शेवटच्या खांबावर नुसती टकटक ऐकू येते, झटका नसतो. डुकराच्या नाकाला ते पहिल्याच रात्री कळते. तारेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा स्वच्छ ठेवा. भाद्रपदात दर दहा-बारा दिवसांनी कापणी लागते; आश्विनात उघडीप मिळाली तर पंधरा दिवसांनी चालते. कोयता किंवा ग्रास कटर पुरे. कापण्याआधी कुंपणाचे झटका मशीन बंद करा.

मोजमाप मशीनजवळ करू नका. पाऊस पडून गेल्यावर, संध्याकाळी, सगळ्यात लांबच्या खांबावर झटका कुंपणाचा व्होल्ट दाखवणारा टेस्टर लावा. तिथे ४,००० व्होल्टच्या खाली आकडा आला तर कुठेतरी गळती आहे. कुंपणाच्या तारेचा जोड मध्यावर सोडवून अर्धे-अर्धे तपासा, मग त्यातले अर्धे. तासाभरात जागा सापडते: तुटलेला इन्सुलेटर, लोखंडी खुंटाला टेकलेली तार, नाहीतर गवत. खाडीकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात. पिळून मारलेला जोड वरून चांगला दिसतो आणि आतून तपकिरी झालेला असतो. असा जोड घासण्यात वेळ घालवू नका, कापून नव्याने क्लॅम्प लावा.

दुकानदाराकडे गेलात तर तो जास्त जूलचे, म्हणजे जास्त ताकदीचे, मशीन गळ्यात मारतो. घेऊ नका. गवताला टेकलेल्या तारेवर दुप्पट ताकदीचे मशीनही गळतेच, वर पैसे जास्त जातात. त्याच पैशात टेस्टर, शंभर-एक इन्सुलेटर आणि मेर साफ करायला दोन माणसांची मजुरी निघते.

कातळावरचे अर्थिंग

सड्यावर (कातळाच्या माळावर) आणि जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगची सळई आत जात नाही, म्हणून लोक एक तुकडा कसाबसा ठोकून मोकळे होतात. पावसात चालून जाते. नोव्हेंबरनंतर जमीन सुकली की डुक्कर तारेला लागूनही झटका पूर्ण होत नाही. किमान तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) सळया, प्रत्येकी चार-पाच फूट, एकमेकींपासून तीन मीटरवर, आणि त्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी किंवा विहिरीजवळच्या ओल्या मातीत. मशीनपासून तिथवर जाड तार ओढावी लागली तरी ओढा. जिथे तेही शक्य नाही तिथे दुसरी तार मशीनच्या अर्थला जोडा. डुकराने पहिली आणि दुसरी एकत्र ढकलली की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

परतीच्या पावसात दुपारी विजा सुरू झाल्या की मशीन कुंपणापासून सोडवून ठेवा, पण अंधार पडताना परत जोडायला विसरू नका. एक संध्याकाळ विसरलात तर त्याच रात्री नुकसान होते.

कुठून येतात

हे अनुभवाचे अंदाज आहेत, शिफारस नाही. वाडीत ज्याचा कुणगा पहिला निसवतो (लोंब्या बाहेर काढतो) त्याच्याकडे डुकरे पहिली येतात. गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) भातांच्या मध्ये एकट्याने हळवे लावले तर राखण दुप्पट धरा, नाहीतर शेजाऱ्यांनी मिळून एका वेळी निसवणाऱ्या जाती लावा. वारा तोंडावर घेऊनच ती उतरतात, म्हणून संध्याकाळचा वारा मळ्यावरून ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूची मेर आधी तपासा. काळोखातल्या रात्री जास्त येतात. लोळणीजवळच्या झाडावर चिखल घासलेला दिसला तर किती उंचीवर आहे ते बघा. गुडघ्याइतका असेल तर पिल्लांचा कळप. मांडीच्या वर असेल तर मोठा एकटा नर, आणि हा तारेला सहसा जुमानत नाही. आत आल्याची खूण म्हणजे दोन खुरांच्या ठशामागे उमटलेले दोन छोटे टिपके.

सागरगोटा, करवंद, घायपात यांची दाट वई (जिवंत कुंपण) गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, आतून असेल तर झटका कुंपणाचा अर्धा भार उतरतो. ती लावायची वेळ पुढचा जून.

दुकानातले उपाय

आवाजाची यंत्रे, चमकणारे दिवे: उपयोग आठवडाभर. जागा रोज बदललीत तर पंधरा दिवस. जुन्या साड्या: पहिल्या चार-सहा रात्री, त्यानंतर डुकरे साडीखालून येतात, कारण तिथेही खालची वीत मोकळीच असते.

गंधक आणि गावठी डुकराची चरबी एकत्र कालवून काथ्याच्या दोरीला चोपडायची, आणि एकेक फुटावर तीन ओळी बांधायच्या, हा उपाय स्वस्त आहे आणि कंदाच्या छोट्या तुकड्याला चालतो. जोराची सर येऊन गेली की पुन्हा चोपडावी लागते, म्हणून भाद्रपदात भातावर त्याच्या भरवशावर राहू नका.

फोरेट या विषारी कीटकनाशकाच्या पुरचुंड्या मेरेवर टांगायची सवय अजून काही गावांत आहे. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा कोणी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून काढून दिला तरी घेऊ नका. ते पाणी खालच्या खाचरात आणि विहिरीत जाते.

बंदूक कोणती, हा प्रश्न

कुंपण नीट न करता बंदुकीची चौकशी करणारे दरवर्षी वाढतात. आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवाना बंदुकीचा असला म्हणून डुक्कर मारण्याची परवानगी मिळत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या, सर्व्हे नंबर आणि फोटोसह, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक धरलेली आहे. ती पुरणार नाही असे परवाना देणाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली १२ बोअर. रायफल या हिशेबात नाही, आणि कोकणात नसलेलीच बरी. पॉइंट २२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत धोकादायक असते, तरी मोठ्या डुकरासाठी ती फार हलकी. जखमी होऊन जनावर रानात जाते. पॉइंट ३१५ डुक्कर पाडते, पण तिची गोळी त्याहून कितीतरी लांब जाते. आपले मळे खोलगट, वर डोंगराच्या उतारावर घरे, मध्ये पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) आणि जागोजागी कातळ. कातळावर आपटलेली गोळी कुठे वळेल ते कोणी सांगू शकत नाही.

ज्याच्याकडे परवाना आणि आदेश दोन्ही आहेत त्याने १२ बोअर वापरावी, एलजी किंवा एसजी (मोठ्या छर्ऱ्यांचे) काडतूस, अंतर ३० मीटरच्या आत. ठासणीच्या बंदुकीला २० मीटर पुष्कळ. पाखरांचे बारीक छर्रे वापरू नका. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, छर्रे तिच्यातच अडकतात. माचावरून खाली, मागे मातीचा बांध असेल अशाच दिशेने. सपाट मळ्यावर आडवी बंदूक कधीही नाही. जनावर जखमी होऊन झाडीत शिरले तर रात्री मागे जाऊ नये, वनरक्षकाला कळवून उजाडल्यावर जावे. मेलेले डुक्कर सरकारच्या मालकीचे; मटण वाड्यावस्त्यांत वाटले की तोही गुन्हा.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि त्या बऱ्याचदा ऐन लोंबीच्या दिवसांतच लागतात. तेव्हा बंदूक कपाटात आहे म्हणून गवत न कापणाऱ्यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

दुकानातली छर्ऱ्याची एअरगन डुकरासाठी नाही. ती त्याला फक्त बिथरवते.

फासकी लावू नका. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि मग सगळी वाडी चौकशीला. घरच्या लाइनीवरून तारेत करंट सोडणे म्हणजे माणूस मारणे. पहाटे गुरामागे जाणारा पहिला त्यात सापडतो. गावठी बॉम्बने कुत्री आणि गाई जबडा फुटून मरतात.

नुकसान झालेच तर

तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज. सातबारा, आधार, बँक पासबुकची प्रत. तुडवलेला भाग पंचनामा होईपर्यंत कापू नका, आणि खुरांचे ठसे शेजारी कोयता किंवा पट्टी ठेवून फोटोत घ्या. पावसाने ते एका रात्रीत पुसतात. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक दोघेही हवेत, म्हणून त्यांना स्वतः फोन करा. पंचनामा होईपर्यंत फक्त तुटलेली तार बांधून घ्या, कारण डुकरे दुसऱ्या रात्री त्याच वाटेने येतात.

कापलेले भात दोन रात्री मळ्यात पडून असेल तोवर मशीन चालू ठेवा. भारे खळ्यावर गेले की मशीन सोडवून सुरणाच्या आणि नारळाच्या नवीन रोपांच्या तुकड्याला लावा. मळ्यात खायला काही उरले नाही की कळप तिकडेच वळतो, आणि नारळाच्या रोपाचा गाभा त्याला एका रात्रीत पुरतो. तिथेही पहिली तार १५ सेंमीवर.