मुलाच्या किडनीचा आजार घराण्यातून आलाय का? डॉक्टरकडे जायच्या आधी घरी करायचं काम

मुलाच्या किडनीची तक्रार निघाली की डॉक्टर विचारतात, घरात कुणाला किडनीचा त्रास? आणि आपण पटकन "नाही" म्हणतो. खोटं बोलत नसतो, पण घराण्यातला किडनीचा आजार बरेचदा भलत्याच नावाने माहीत असतो, कुणी "तरुणपणीच बहिरा झाला", कुणी "बीपीने गेली", कुणाचं बाळ जन्मताच गेलं. म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी तीन पिढ्यांचा तक्ता करा, तुमच्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद तोच असेल.

कोरा कागद आडवा घ्या. खाली मूल आणि भावंडं, त्यावर आईबाबा, काका-आत्या-मामा-मावशी (त्यांची मुलंही), सगळ्यात वर चारही आजीआजोबा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आकृती भरून टाका, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. गर्भपात झालेले, जन्मून गेलेली बाळंही लिहा, विचारायला जड जातं पण वगळू नका. आईबाबा आधीपासून रक्ताच्या नात्यातले असतील तर दोघांमध्ये दुहेरी रेघ, आणि ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

आता फोन लावा, पण "किडनीचा त्रास होता का" असं विचारू नका. विचारा: डायलिसिस झालं का, कितव्या वर्षी? लघवी कधी लाल किंवा चहासारखी झाली होती? कानाला मशीन कधी लागलं? तिशीतच बीपीची गोळी? मेंदूत रक्तस्राव? सोनोग्राफीत सिस्ट (पाण्याची गाठ) किंवा एकच किडनी? लहानपणीच मुतखडा? रातांधळेपणा? अंगाने बारीक असून तरुणपणीच डायबेटिस? वय प्रत्येक वेळी लिहा, ७५ व्या वर्षी ऐकू कमी येणं वेगळं आणि २० व्या वर्षी वेगळं.

तक्ता भरला की काही गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मुलाच्या लघवीत रक्त आणि मामाला किंवा मावसभावाला कमी ऐकू येतं, तर अल्पोर्टची (किडनी आणि कान दोन्ही बिघडवणारा आनुवंशिक आजार) शंका घ्यायलाच हवी. त्याचा सगळ्यात नेहमीचा प्रकार एक्स क्रोमोसोमवरून येतो, म्हणून आजोळ नीट विचारायचं. वाहक (सदोष जनुक बाळगणाऱ्या) आईकडून प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता ५०%, मुलग्यांना त्रास जास्त, पण आई "फक्त वाहक" म्हणून सुटत नाही, तिच्याही लघवीत बहुधा रक्त सापडतं आणि तिची लघवी-बीपी दरवर्षी तपासायला हवी. पॉलिसिस्टिकचा (किडनीत खूप सिस्ट होण्याचा आजार) नेहमीचा प्रकार पिढी न चुकवता येतो, इथेही शक्यता ५०%, पण कधी जनुकातला बदल मुलातच नव्याने होतो, तेव्हा आईबाबांचा तक्ता कोरा असतो.

कोऱ्या तक्त्याचं दुसरं कारण म्हणजे आई आणि बाबा दोघंही वाहक, दोघंही ठणठणीत, आणि प्रत्येक बाळंतपणात २५% शक्यता. नेफ्रोनोफ्थायसिस हा किडनी हळूहळू निकामी करणारा आजार यातलाच, आणि तो निसटतो याचं मला फार वाईट वाटतं. मूल सारखं पाणी पितं, रात्री उठून पितं, कोरडं राहायला लागलेलं परत अंथरूण ओलं करतं, उंची अडते, चेहरा पांढुरका, आणि लघवीचा रिपोर्ट मात्र जवळपास साफ. सवय आहे, जाईल, असं म्हणत वर्षं जातात.

क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) रिपोर्टही असाच फसवतो. १०० सेंमी उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.९ आलं, लॅबने मोठ्यांची रेंज छापली असेल तर ते "नॉर्मल" दिसतं. पण मुलांसाठी हिशोब उंचीवर असतो, ०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन, म्हणजे उत्तर ४६ च्या आसपास, किडनी निम्म्याच ताकदीने चाललीय. उंची मोजून न्या, रिपोर्टवर लिहून ठेवा.

जीन टेस्ट करून काय फायदा, असं घरातले म्हणतील. फायदा आहे. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या नेफ्रोटिकमध्ये (लघवीतून प्रथिनं जाऊन अंगाला सूज येते तो आजार) साधारण ३०% मुलांत एकाच जनुकातलं कारण सापडतं, अशांना पुढची जड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बहुतेक वेळा लागू पडत नाहीत, मग ती उगाच कशाला द्यायची. सिस्टिनोसिसला (पेशींत सिस्टिन साचण्याचा आजार) सिस्टिअमिन हे औषध जितकं लवकर तितकं बरं. प्रायमरी हायपरऑक्झाल्युरियाच्या (शरीरात ऑक्झलेट जास्त बनून मुतखडे होण्याचा आजार) पहिल्या प्रकाराला २०२० पासून लुमासिरान हे औषध आहे. आणि किडनी द्यायला घरातलं कुणी पुढे आलं तर त्याच्यातही तोच बदल नाही ना, हे आधी कळायलाच हवं. पूर्वज आफ्रिकेतले असतील तर एपीओएल१ या जनुकाबद्दलही विचारा, त्याच्या जोखमीच्या दोन्ही प्रती असल्या तर धोका वाढतो, पण आजार होईलच असं नाही.

टेस्टच्या आधी दोन प्रश्न विचारा: या पॅनलमध्ये (एकत्र तपासल्या जाणाऱ्या जनुकांच्या यादीत) जनुकाचा गायब झालेला तुकडा पकडला जातो का (नेफ्रोनोफ्थायसिसमध्ये तेच नेहमीचं), आणि पीकेडी१ (पॉलिसिस्टिकचं मुख्य जनुक) नीट वाचलं जातं का, कारण त्याच्यासारखेच दिसणारे तुकडे जवळच असल्यामुळे घोळ होतो. निगेटिव्ह आलं म्हणजे आजार आनुवंशिक नाहीच असं होत नाही. "अर्थ अनिश्चित" (बदल सापडला, पण आजार त्यानेच झाला का ते ठरत नाही) असं लिहून आलं तर त्यावर कुठलाच निर्णय घेऊ नका, आईबाबांचं रक्त तपासून बरेचदा उलगडा होतो, नाहीतर एकदोन वर्षांनी तोच डेटा परत वाचून घ्या. तोवर भावंडांची लघवी आणि बीपी तपासून घ्या, त्याला जीन रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.